काट्यावरचा आठ

कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘इनडोअर’ असं छापणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादं वातानुकूलित ऑफिस असावं. आमची ‘आतली’ जागा म्हणजे मूलची राइस मिल. डोक्यावर टिनाचं छप्पर, बाजूंना विटांच्या भिंती, मध्ये शेलर, पॉलिशर, एलिव्हेटर आणि हवेत कायम तरंगणारं तूस. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात सावलीतला पारा 45 च्या पुढे जातो. तापलेल्या टिनाखाली तो कुठवर चढतो हे बघायला कोणी थांबत नाही. घरगुती वायफाय कॅमेऱ्यांच्या खोक्यावर कडेला बारीक अक्षरांत तापमानाची मर्यादा लिहिलेली असते, ती बहुधा 40 ते 50 अंशांची. म्हणजे आत लावायचा कॅमेरा आमच्या आत चालणार नाही, एवढं पहिल्याच दुकानात कळलं.

2025 च्या उन्हाळ्यात मिलमध्ये नवे कॅमेरे बसवायचं ठरलं. धानाचा हंगाम संपलेला, मशिनी खोलून ठेवलेल्या, हाताशी वेळ होता. जुने चार ॲनालॉग कॅमेरे होते, कोएक्सियल वायरवरचे. ते चालू होते, हीच त्यांची अडचण. चालू आहेत तर बदलायचे कशाला, असं बाबांचं म्हणणं. आदल्या हंगामात एका शेतकऱ्याशी वजनावरून वाद झाला तेव्हा आम्ही सगळे त्या स्क्रीनपुढे जमलो. दिसलं ते असं: काट्याजवळ कोणीतरी वाकलं आहे, काहीतरी ठेवलं आहे, आणि आकड्याच्या जागी एक लाल ठिपका जळतो आहे. मुनीमकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ठिपका ठिपकाच राहिला. वाद आम्ही पैसे देऊन मिटवला, आणि त्यानंतर बाबांनी ‘चालू आहेत’ म्हणायचं सोडलं.

खरेदीला चंद्रपूरला जायचं. मूलहून निघालं की अजयपूर, चिचपल्ली असा जंगलातून जाणारा रस्ता लागतो. आमच्या जिल्ह्यात कॅमेरा म्हटलं की माणसाला आधी वाघ आठवतो, दुकानातला चोर नंतर. ताडोबात वाघ मोजताना वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. एकाच बाजूचा फोटो मिळाला तर तोच वाघ दोनदा मोजला जायची भीती. वनखात्याचा हा हिशेब मला दुकानदारांच्या सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा जास्त कामाला आला. त्यांनी आधी प्रश्न ठरवला: हा वाघ कोणता? मग कॅमेरा कुठे, किती उंचीवर, किती, हे त्यातून आलं.

चंद्रपूरच्या दुकानांत उलटं होतं. “भाऊ, आठ मेगापिक्सेल घ्या, फोर के. डोळे झाकून घ्या,” असं एकजण म्हणाला. डोळे झाकून कॅमेरा घेण्यातला विनोद त्याच्या लक्षात आला नसावा. दुसरा गोल फिरणाऱ्या कॅमेऱ्याच्या प्रेमात होता. फिरणारा कॅमेरा घटना घडते तेव्हा नेमका दुसरीकडे बघत असतो, असं माझं मत आहे. ते मी तिथे बोललो नाही. तिसऱ्या दुकानात एक पोरगा भेटला. त्याने विचारलं, “तुम्हाले नेमकं काय पाहाचं आहे?” त्याला मी मूलला घेऊन आलो.

काट्यापासून सुरुवात केली. त्याने चार मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे आणले होते, एक 2.8 मिलिमीटर लेन्सचा आणि एक सहाचा. काट्यापासून चार मीटरवर खांबाला धरून मोबाइलवर चित्र दाखवलं. 2.8 च्या लेन्समध्ये काटा, दरवाजा, निम्मं गोदाम, छपराखालचा पंखा, सगळं आलं, दिसायला छान. पण आकडा वाचता येईना. त्याने पाठीमागच्या भिंतीवर खडूने हिशेब मांडला. ही लेन्स शंभरेक अंश बघते, म्हणजे चार मीटरवर साडेनऊ मीटर रुंदीची जागा. चित्रात आडवे पिक्सेल 2560. एका मीटरच्या वाट्याला आले 270. काट्यावरचा आकडा पाच सेंटिमीटर उंच, त्याला मिळाले तेरा-चौदा पिक्सेल. त्यात काय वाचणार? सहाची लेन्स पन्नासेक अंश बघते, तिला तेवढ्याच अंतरावर पावणेचार मीटरची जागा दिसते. आकड्याला चौतीस पिक्सेल मिळतात. आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊनही 2.8 ची लेन्स ठेवली असती तर एवढे मिळाले नसते. फोर केचा विषय त्या भिंतीवर संपला. खडूचा हिशेब अजून तिथेच आहे, हमालांनी त्याखाली क्रिकेटचा स्कोअर लिहिलाय.

तरी घोळ झालाच. सहाची लेन्स लावली, 48 किलोचं पोतं ठेवलं, आणि मोबाइलवर दिसलं 40. पुन्हा बघितलं तर 43. काटा समोर 48 दाखवतोय आणि कॅमेरा काहीतरी तिसरंच. मुनीमकाका पोतं उतरवून परत चढवायला निघाले, त्यांना काट्यावरच शंका आली. पोरगा हसला. काट्याचे लाल आकडे आपल्याला सलग पेटलेले दिसतात, पण ते सलग पेटत नाहीत. एकेक आकडा, काही काट्यांत एकेक दांडीसुद्धा, आळीपाळीने इतक्या झपाट्याने पेटते-विझते की डोळ्याला कळत नाही. कॅमेऱ्याचं शटर फार वेगाने उघडझाप करत असेल तर त्या क्षणी विझलेली दांडी चित्रात येतच नाही. आठाची मधली दांडी गेली की शून्य, डावीकडच्या दोन गेल्या की तीन. त्याने सेटिंगमध्ये जाऊन शटर आपोआपवरून काढून सेकंदाच्या पंचविसाव्या भागावर पक्कं केलं आणि उजेड थोडा उतरवला. आठ आठासारखा दिसू लागला. वजनावरून भांडण लागलं असतं आणि पुरावा म्हणून आम्ही ते 40 दाखवलं असतं, तर पुढे काय झालं असतं याचा विचार मुनीमकाकांनी मोठ्याने केला. ही गोष्ट कुठल्या माहितीपत्रकात मला दिसली नाही.

दरवाज्याला वेगळा न्याय लावावा लागला. मिलचं मोठं शटर पूर्वेकडे उघडतं. सकाळी ट्रॅक्टर आत येतो तेव्हा मागून ऊन आणि पुढे अंधार, माणूस नुसती सावली. यासाठी डब्ल्यूडीआर लागतं: कॅमेरा एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे नमुने घेऊन त्यांचं एक चित्र करतो. स्वस्त कॅमेऱ्यांवर ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ लिहिलेलं असतं, त्यात नुसता अंधार उजळवतात, चेहरा पिठासारखा होतो. 120 डेसिबल लिहिलेला घेतला. आणि वाघाचा धडा इथे वापरला: एक कॅमेरा येणाऱ्याच्या तोंडावर, दुसरा जाणाऱ्याच्या.

मशिनींच्या जागी आम्ही ‘आउटडोअर’ कॅमेरे लावले, धूळ-पाण्याला न जुमानणारे, 60 अंशांपर्यंत चालणारे. घुमटाकार डोम दिसायला देखणा, पण त्याच्या काचेवर तुसाचा थर बसला की रात्री स्वतःच्याच इन्फ्रारेड दिव्यांचा उजेड त्याच्या डोळ्यात परत येतो आणि चित्र दुधाळ होतं. साध्या नळकांडी कॅमेऱ्यातही हे दिवे लेन्सजवळचं तूस उजळवतात. मिल चालू असताना आत बर्फ पडतोय असं वाटतं. शिवाय त्या उजेडाला किडे येतात आणि किड्यांमागे कोळी. आम्ही ते दिवे बंदच केले आणि लांब दोन एलईडी ट्यूब रात्रभर चालू ठेवल्या. डोम एकच लावला, ऑफिसात, गल्ल्यावर. तिथे तो शोभतो.

वायफायचा मोह सगळ्यांना होतो, वायर ओढायला नको म्हणून. पण वायफाय कॅमेऱ्यालाही विजेची वायर लागतेच. नेटवर्क केबलमधून वीजही जाते, एका केबलमध्ये दोन्ही कामं होतात. मर्यादा शंभर मीटरची. केबल मात्र पूर्ण तांब्याची हवी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली बाजारात निम्म्या भावात मिळते, आणि लांब अंतरावर कॅमेरा रात्री दिवे लागताच बंद पडून पुन्हा सुरू होतो, असं पोरगा सांगत होता. थ्री फेजच्या मोटारींच्या वायरींपासून ती दूर नेली. ऑफिस आणि मिल यांच्यामध्ये मोकळं अंगण आहे. आमच्याकडच्या मृगाच्या विजा बघता तिथे तांबं नकोच, म्हणून फायबर टाकली.

रेकॉर्डर कुठे ठेवायचा यावर बरीच चर्चा झाली. गल्ल्याखाली ठेवला तर चोर तोच आधी नेतो. मिलमध्ये थंड आणि धूळमुक्त अशी एकच खोली आहे, सॉर्टेक्सची. खरं तर मिलमधले सर्वांत हुशार कॅमेरे त्या मशिनीतच आहेत: घसरत येणारा तांदळाचा प्रत्येक दाणा बघतात आणि काळा दिसला की हवेच्या फुंकरीने बाहेर उडवतात. रेकॉर्डर तिथेच एका लोखंडी पेटीत ठेवला, यूपीएससकट. डिस्कचा हिशेब सोपा आहे. एका कॅमेऱ्याला सेकंदाला 2 मेगाबिट धरले तर दिवसाचे 21.6 जीबी, आठ कॅमेऱ्यांचे 173 च्या आसपास, तीस दिवसांचे 5 टीबीहून थोडे जास्त. पण तूस उडत असलं की चित्र सतत हलतं आणि हा आकडा वाढतो, म्हणून 8 टीबीची, कॅमेऱ्यांसाठीच बनवलेली डिस्क घेतली.

आता पासवर्ड. पोरगा बाकी सगळ्यात चोख, पण इथे म्हणाला, “भाऊ, सगळ्याइकडे एकच ठेवतो, सोपा पडते.” 2016 मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने नेमके असे, कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर जगभरातून गोळा केले आणि 21 ऑक्टोबरला त्यांच्याकरवी डिन या कंपनीवर एकाच वेळी मारा करवला, अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास लडखडले. ते लांबचं झालं. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीचं चित्रीकरण टेलिग्रामवर विकायला निघालं. तिथला पासवर्ड ‘ॲडमिन123’ होता, असं पुढे बातम्यांत आलं. त्याच वर्षी 9 एप्रिलपासून सरकारने नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या, त्यामुळे दुकानांत जुना माल घाईने स्वस्तात काढला जात होता. मी चाचणीचं प्रमाणपत्र दाखवणाराच कॅमेरा मागितला. कॅमेऱ्यामागे हजार-बाराशे जास्त गेले. कॅमेऱ्यांचं नेटवर्क ऑफिसच्या संगणकांपासून वेगळं केलं आणि बाहेरून बघायची सोय फक्त बाबांच्या आणि माझ्या मोबाइलवर ठेवली.

राजकोटची बातमी आमच्याकडे पोचली होतीच. मिलच्या मागे एक खोली आहे, तिथे कामावरच्या बाया जेवतात, कपडे बदलतात, लेकरू असलं तर त्याला पाजतात. पोरगा शिडी घेऊन तिकडून जात होता तेव्हा एका मावशींनी मला बाजूला बोलावलं. “इथं बी लावून राह्यले का जी?” नाही म्हणालो. “बाहेरचा तरी इकडं पाह्यते का?” ते मी बघितलं नव्हतं. मोबाइल त्यांच्या हातात दिला. गोदामाच्या कॅमेऱ्यात त्या खोलीच्या दाराची कड येत होती. कॅमेरा वळवला, पुन्हा दाखवला, मावशींनी मान हलवली आणि तेवढ्यावर सोडलं नाही, “आमचं बोलनं आयकू येते का?” येत होतं. सगळ्या कॅमेऱ्यांचे माइक त्याच दुपारी बंद केले. बाबांना ते पटलं नाही. वादात आवाज हवा, असं त्यांना अजून वाटतं.

पुराव्याचं एक राहिलं. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीचा खटला आठवतो? अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. प्रश्न होता 27 सप्टेंबरला दुपारी तीनच्या मुदतीनंतर अर्ज घेतले का, आणि उत्तर होतं निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांत. औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द ठरवली, आणि 14 जुलै 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळताना सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्यातलं प्रमाणपत्र लागतंच. इथे ते मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं, म्हणून सवलत. आता साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा. आम्हा मिलवाल्यांना यातून घेण्यासारखं एवढंच की घड्याळ बरोबर हवं. आमच्या जुन्या रेकॉर्डरचं घड्याळ वीज गेली की मागे पडायचं. नव्याचं इंटरनेटवरून जुळवून घेतं. तरी मुनीमकाका सकाळी आपल्या मनगटाशी पडताळून बघतात.

दिवाळीनंतर धान सुरू झालं. नागभीडकडून एक शेतकरी एचएमटी घेऊन आला. त्याच तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून काढलेलं हे वाण, घड्याळाच्या कंपनीवरून नाव पडलेलं. वजनावरून शंका निघाली. त्याला स्क्रीनपुढे बसवलं, त्याने आकडे स्वतः वाचले, दोन मिनिटांत मिटलं. मग मुनीमकाकांनी मूठभर धान तळहातावर चोळलं, एक दाणा दाताखाली धरला आणि हे निव्वळ एचएमटी नाही म्हणाले. तो म्हणाला, आहे. काका म्हणाले, लावता का पैज? पुढे चांगलं तासभर चाललं. त्याचं दोन बाजूंनी स्वच्छ रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे. माइक बंद असल्याने कोण कोणाला काय म्हणालं, ते मात्र नाही.