आधी ऐकलेला गावसकर

सुनील गावसकर मला आधी कानांनी भेटला. रत्नागिरीतल्या आमच्या आळीत क्रिकेट म्हणजे खिडकीत ठेवलेला ट्रान्झिस्टर आणि त्याच्याभोवती जमलेली जाणकार मंडळी. गावसकर घराणं वेंगुर्ल्याचं, आणि 1981 मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत वेंगुर्लं आमच्याच जिल्ह्यात. त्यामुळे तो मुंबईत जन्मला, मुंबईकडून खेळला, तरी आळीच्या लेखी आपलाच. आणि आपल्या माणसाला नावं ठेवणं हा टिळकांच्या गावातला जन्मसिद्ध हक्कच!

1971 मध्ये वेस्ट इंडिजच्या पहिल्याच दौऱ्यात त्याने चार कसोटींत 774 धावा काढल्या, ही कथा मी मोठ्यांकडून ऐकली. पण त्याच मोठ्यांनी 1975 च्या विश्वचषकात त्याला सोडलं नाही. लॉर्ड्सवर इंग्लंडच्या 334 धावांसमोर तो 60 षटकं खेळपट्टीवर राहिला आणि 174 चेंडूंत 36 वर नाबाद परतला. "बोट चुकल्यासारखा बसून राहिला मेला," असं आळीतल्या आबांनी त्याचं वर्णन केलं. चार वर्षांनी ओव्हलवर 438 धावांचा पाठलाग करताना त्याने 221 काढल्या, तेव्हा हेच आबा कुणाला जागचं हलू देईनात. भारत 8 बाद 429 वर थांबला, सामना अनिर्णित राहिला.

आमच्याकडे टीव्ही आला तोवर त्याची कारकीर्द उतरणीला लागली होती. 1987 च्या मार्चमध्ये अहमदाबादला कसोटीतल्या दहा हजार धावा करणारा तो पहिला फलंदाज ठरला. लगेच बंगळुरूला शेवटची कसोटी. हातभर वळणाऱ्या खेळपट्टीवर, पाकिस्तानच्या फिरकीपुढे 96. भारत 16 धावांनी हरला, पण त्या डावात चेंडू किती उशिरा खेळायचा असतो ते मी डोळ्यांनी पाहिलं. पुढे त्याने समालोचनाचा माइक धरला आणि माझ्यासाठी तो पुन्हा आवाजात गेला. फरक एवढाच, की आता आवाज त्याचाच होता.

2024 च्या डिसेंबरमध्ये मेलबर्नला ऋषभ पंत आडवातिडवा फटका मारून बाद झाला, आणि हा आवाज तीनदा कडाडला: "स्टुपिड!" माझा भाचा उसळला, "मामा, यांना काय कळतं आताच्या क्रिकेटमधलं?" मी त्याला याच मेलबर्नची 1981 मधली गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियाच्या लिलीच्या चेंडूवर पायचीत दिल्याने संतापलेला कर्णधार गावसकर जोडीदार चेतन चौहानलाही मैदानाबाहेर घेऊन निघाला होता. चौहानला सीमारेषेवर थांबवलं म्हणून सामना वाचला. त्या वागण्याबद्दल पुढे गावसकरनेच खेद व्यक्त केला. भाचा म्हणाला, "म्हणजे तेही तसेच!" तसेच, म्हणूनच तर. डोकं फिरलं की संघाला काय मोजावं लागतं, हे गावसकरला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

सहा महिन्यांनी लीड्सला पंतने शतक ठोकलं आणि तोच आवाज तीनदा "सुपर्ब!" म्हणाला. आळीतली आमची मंडळी असा शेरा सहजासहजी बदलत नसत. ओव्हलच्या त्या रात्रीनंतरही आबा 36 धावांचा हिशेब काढतच राहिले. गावसकरच्या 34 कसोटी शतकांचा विक्रम सचिनने 2005 मध्ये मागे टाकला. मात्र खेळणाऱ्याचं चुकलं तर चुकलं आणि साधलं तर साधलं म्हणण्याची ही तयारी मला विक्रमापेक्षा मोठी वाटते. भाच्याला ते पूर्ण पटलेलं नाही. तो अजूनही टीव्हीशी भांडतो, पण आवाज बंद करत नाही.