संजीवनी बेटावरील पाने

लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथजवळ एक टेकडी आहे. भोवती पाणी नसले तरी लोक तिला ‘संजीवनी बेट’ म्हणतात. औषधी वनस्पतींसाठी तिची ख्याती आहे. पावसाळा सरताना नांदेडहून आम्ही तेथे गेलो. आई पायथ्याशी सावलीत बसली. म्हणाली, “मधुनाशिनी दिसली तर चार पाने आण बाबा.”

हे पान चावून वर साखर खाल्ली, तर ती बेचव लागते. पानातील जिम्नेमिक आम्ले जिभेची गोडाची जाणीव काही वेळ रोखतात. कुंपणाच्या अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन असते. खोकल्याच्या औषधांतील ब्रोमहेक्झिन त्यावरूनच घडवले गेले. पाला झाला तरी त्याचा शरीरावर परिणाम होतोच.

आम्हांला ते गतवर्षी उमगले. मधुमेहाच्या गोळीसोबत आई मधुनाशिनीचे चूर्णही घेत होती, कोणाला न सांगता. एका दुपारी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. रक्तातील साखर उतरली होती. साखरपाणी दिल्यावर ती सावरली.

मी रिकाम्या हातांनी उतरलो. आई क्षणभर हिरमुसली, मग म्हणाली, “आधी डॉक्टरांना विचारू.”

घरातील ज्येष्ठ जो काढा, चूर्ण वा पाला घेत असतील, त्याचीही नोंद गोळ्यांच्या यादीत करावी आणि ती यादी प्रत्येक भेटीत डॉक्टरांना दाखवावी.