फर्ग्युसन रस्ता ते लेनिनग्राड

मागच्या रविवारी दांडेकर पुलावरून बसने डेक्कनला उतरलो. बरोबर नववीतली मुलगी होती. फर्ग्युसन रस्त्याने चालताना रानडे इन्स्टिट्यूट लागले. तिला म्हणालो, "इथे वर्षानुवर्षे रशियन भाषा शिकवली गेली." तिने विचारले, "पप्पा, पुण्याचं कुणी रशियात गेलं होतं का?" मी तिला फर्ग्युसन कॉलेजच्या फाटकापाशी नेले.

वाचकहो, या कॉलेजात १९१२ ते १९१८ या काळात धर्मानंद कोसंबी पाली शिकवीत होते. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस तथागतांच्या धम्माच्या ओढीने घरदार सोडून १८९९ साली पुण्यास आला. पुढे सिलोन आणि ब्रह्मदेशात जाऊन भिक्खूंजवळ शिकला. १९२९ साली ते लेनिनग्राडला बौद्ध संस्कृतीच्या संशोधन संस्थेत कामास गेले. तेथे श्चेर्बात्स्की हे बौद्ध तत्त्वज्ञानाचे मोठे पंडित होते.

रशियन क्रांतीला तेव्हा बारा वर्षे झाली होती. कामगारांचे राज्य म्हणवणाऱ्या त्या शहरात पाव कार्डावर मिळत होता. माझी आई १९७२ च्या दुष्काळात मिलोसाठी रेशनच्या रांगेत उभी राहायची, तशाच तिथल्या बाया थंडीत उभ्या राहत. एका घरात अनेक कुटुंबे, प्रत्येकाला एकेक खोली आणि स्वयंपाकघर सगळ्यांत एक. आपल्या चाळीतल्या नळावरची भांडणे आठवावीत! मात्र त्याच काळात अंगठेबहाद्दर कामगारांना आणि बायकांना अक्षरे शिकवण्याची मोठी मोहीमही चालू होती. हे विसरून चालणार नाही.

खेड्यात मात्र शेतकऱ्यांची जमीन-जनावरे सक्तीने सामुदायिक शेतीत घेतली गेली. १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली.

कोसंबी १९३० साली परतले आणि शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले. समाजवाद त्यांना हवा होता, पण अहिंसेची साथ असलेला. लेनिनग्राडमध्ये १९१५ साली पूर्ण झालेले दगडी बुद्धमंदिर पुढे बंद करण्यात आले. ते उभारण्यासाठी झटलेले भिक्खू दोर्जिएव १९३८ साली कैदेत वारले. अनेक बौद्ध पंडितांना गोळ्या घातल्या गेल्या. ते मंदिर बौद्धांना परत मिळाले १९९० साली. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघ मोडला.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पप्पा, आधी पोट की आधी विहार?"

हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरातला आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत याचीच उकल केली. गरिबांची पिळवणूक थांबावी हे बुद्धालाही हवे होते आणि मार्क्सलाही. फरक मार्गाचा. बळजबरीने आणलेली समता बळ सरले की ढासळते; माणसाचे मन बदलून आणलेली टिकते.

मी तिला एवढेच म्हणालो, "बाळा, भाकरी हवीच. पण ती कुणाची जीभ कापून नको."

परतताना तिने कोसंबींचे पुस्तक मागितले. 'निवेदन' हे त्यांचे आत्मचरित्र आहे. आपल्या वस्तीच्या वाचनालयात ते नसेल तर वर्गणी काढून आणा आणि मुलांच्या हाती द्या.