एकर-गुंठ्यांची वजाबाकी

प्रोग्रामिंगमधली बेरीज-वजाबाकी कुणी शिकवत बसत नाही. +, -, * ही चिन्हं दिसली की काम कळतं. हात अडतो तो भागाकारापाशी. हिंगोली जिल्ह्यातल्या जमिनीचा नाहीतर हळदीचा हिशेब संगणकावर मांडायला घेतला, की हे लगेच ध्यानात येतं.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. १०० आरचा एक हेक्टर, त्यामुळे दशांश चिन्ह टाकून बेरीज केली तरी चालते. सेनगाव-कळमनुरीकडच्या बोलण्यात मात्र जमीन अजून एकर-गुंठ्यांतच असते, आणि एकराचे गुंठे ४०. समजा, ३ एकर १२ गुंठ्यांतून १ एकर २५ गुंठे विकले. ३.१२ मधून १.२५ वजा केले तर १.८७ उरतात, म्हणजे एक एकर सत्त्याऐंशी गुंठे! तलाठ्यापुढे हा आकडा ठेवायची कुणाची छाती नाही. संगणक मात्र तो बिनदिक्कत छापतो. म्हणून आधी सगळ्याचे गुंठे करायचे: १३२ वजा ६५, राहिले ६७. मग पायथनमध्ये ६७ // ४० म्हणजे १ एकर आणि ६७ % ४० म्हणजे २७ गुंठे. दुहेरी तिरकी रेघ पूर्ण भाग देते, % बाकी देतं. नवखा त्याला टक्के समजतो. इथे टक्क्यांचा काही संबंध नाही.

एकेरी रेघेचं वागणं भाषेगणिक बदलतं. सी किंवा जावामध्ये दोन पूर्णांकांमध्ये / टाकला की अपूर्णांक गुपचूप गळून पडतो. पायथनमध्ये २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो टिकतो.

क्रमाचा घोळ याहून चिवट. शाळेत ‘कंचेभागुबेव’ घोकून घेतात, त्यात गुणाकाराआधी भागाकार. प्रोग्रामिंगच्या बहुतेक भाषांत दोघांचा मान सारखा. डावीकडून जो आधी येईल तो आधी. ३ * ७ // २ चं उत्तर १० येतं. शाळेच्या क्रमाने गेलं तर ९. कंस न घालता लांबलचक सूत्र एका ओळीत बसवणं ही या धंद्यातली मिरवायची जागा. क्रम पाठ आहे एवढंच त्यातून दिसतं, आणि सहा महिन्यांनी ती ओळ लिहिणाऱ्यालाच लागत नाही.

वसमतच्या हळदीची पट्टी घ्या. माल १२ क्विंटल ३७ किलो, भाव क्विंटलला १३,४५० रुपये धरला. १२३७ * १३४५० // १०० केलं तर १,६६,३७६ रुपये. वरचे पन्नास पैसे गेले. १२३७ // १०० * १३४५० असं लिहिलं तर १,६१,४००. वरचे ३७ किलो पहिल्याच भागाकारात गळाले आणि शेतकऱ्याचे ४,९७६ रुपये ५० पैसे बुडाले. चूक दाखवणारा लाल संदेश कुठेच येत नाही. आधी गुणावं, भागाकार शेवटी ठेवावा; शक्य तिथे सगळे पैसे करून पूर्णांकांतच हिशेब चालवावा. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथन ०.३०००००००००००००००४ दाखवतो, कारण संगणकाच्या द्विमान पद्धतीत हे दशांश नेमके बसतच नाहीत.

त्या पन्नास पैशांचंही एक प्रकरण आहे. १६६३७६.५ ला पायथनचं राउंड १६६३७६ करतं, एक्सेलचं १६६३७७. पायथन बरोबर अर्ध्यावर आलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतो. हजारो पट्ट्यांची बेरीज एकाच बाजूला झुकू नये म्हणून ही रीत चांगलीच आहे. पण व्यवहारात पन्नास पैशांना वरचा रुपया धरतात, आणि पट्टी व्यवहारासारखीच निघायला हवी. तेव्हा हा नियम प्रोग्राममध्ये हाताने लिहावा लागतो.

राहिली उणे बाकी. विक्री मूळ क्षेत्राहून जास्त नोंदली गेली आणि उत्तर -६७ गुंठे आलं, तर सी -१ एकर आणि -२७ गुंठे देतं. पायथन -२ एकर आणि १३ गुंठे. गणिताने दोन्ही बरोबर, कारण -८० आणि १३ मिळूनही -६७ च होतात. वाचणाऱ्याला मात्र दुसरं उत्तर चक्रावून टाकतं. म्हणून उणे चिन्ह आधी बाजूला काढावं, ६७ चे एकर-गुंठे करावेत आणि छापताना चिन्ह पुन्हा पुढे लावावं.