मागच्या बाकावरचे गुरुजी

प्रसूतीच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी जी येते तिला वर्ग 'नव्या मॅडम' म्हणतो आणि शाळेचं कार्यालय 'रजा कालावधीतील तात्पुरती नेमणूक'. ही माणसं टिकत नाहीत, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. 1996 साली चोपडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी अशीच रुजू झाले. जळगावला नुकतंच बी.एड. झालं होतं. सराव पाठांची टाचणवही नीटनेटकी होती, तक्ते गुंडाळून जपून ठेवले होते. पण सराव पाठ म्हणजे आधीच निवडलेला घटक, तयारी करून बसवलेला वर्ग आणि निरीक्षणाला आलेले प्राध्यापक. इथे आठवी-नववीचं गणित आणि विज्ञान होतं, तीन तुकड्या होत्या आणि कापसाची वेचणी सुरू असल्यामुळे अर्धे बाक रिकामे होते. जे आज आले ते उद्या येतीलच, असं नव्हतं.

त्या शाळेत गणिताचे एक ज्येष्ठ शिक्षक होते. लहानथोर सगळे त्यांना आप्पा म्हणत. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या तासाला मी मागे बसू का? माझ्या तासाला तुम्ही या." मला वाटलं, मुख्याध्यापकांनी तपासणीला पाठवलं असेल. आप्पा आले, शेवटच्या बाकावर एका मुलाशेजारी बसले आणि तास संपेपर्यंत त्याच्या वहीकडे बघत राहिले. सुटीत चहा घेताना मी शिकवलं कसं, याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "त्या पोराचं उत्तर बरोबर आलं, पण शेजारच्याचं बघून. शेकडा म्हणजे काय, ते त्याला अजून उमगलेलं नाही. त्याच्या बापाचा दहा एकर कापूस आहे, बरं का."

माझ्या शिक्षकपणाची खरी सुरुवात त्या चहापासून झाली, असं मी आजही मानते. बी.एड.च्या वर्षभरात माझा आवाज, माझं फलकलेखन, माझे प्रश्न विचारणं यांवर पुष्कळ शेरे मिळाले होते. माझ्या समोरचा मुलगा त्या वेळी काय करत होता, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

शेकडेवारीचा तो पाठ मला तीन तुकड्यांवर घ्यायचा होता. 'अ' तुकडीत मी पुस्तकातल्या व्याजाच्या उदाहरणाने शिकवलं होतं. 'ब' तुकडीसाठी आम्ही दोघांनी मिळून नवं टाचण केलं. सुरुवातच अशी की, एक क्विंटल कापसातून रुई किती निघते? त्या काळी एकाधिकार खरेदी होती. खरेदी केंद्रावर बैलगाड्या, ट्रॅक्टर रांगेत उभे असत आणि त्या रांगेत रात्र काढलेली मुलं माझ्या वर्गात होती. एकजण चटकन म्हणाला, "चौतीस किलो." दुसरा म्हणाला, "ओला असला का इतका उतारा पडत नाही." वर्ग बोलायला लागला. पंचवीस क्विंटलला साडेआठशे किलो रुई, बाकी सरकी आणि थोडी घट, हा हिशेब मुलांनी फळ्याकडे न बघता केला. मागे बसलेले आप्पा तासाच्या शेवटी उभे राहिले आणि अहिराणीत म्हणाले, "आते काय समजनं, सांगा बरं." मुलांनी सांगितलं तेव्हा कळलं की रुईचा उतारा समजला, पण तेच गणित व्याजाला लावायचं कसं, ते निम्म्यांना कळलेलं नाही. म्हणून 'क' तुकडीत आम्ही घरून चुकाऱ्याच्या जुन्या पावत्या मागवल्या आणि कापसावरून पैशांवर आलो.

एकच पाठ, तीन वर्ग, दर वेळी काहीतरी बदललेलं. पुढे कित्येक वर्षांनी वाचलं की जपानमधल्या शाळांत शिक्षक याच रीतीने एकत्र बसून पाठ आखतात, एकजण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघतात, मग चर्चा करून पाठ सुधारतात. 'जुग्यो केन्क्यू' म्हणतात त्याला. स्टिगलर आणि हीबर्ट या दोघा अमेरिकन अभ्यासकांच्या 1999 सालच्या पुस्तकामुळे ती रीत जगभर पोचली. आप्पांनी त्यातलं काही वाचलेलं असणं शक्य नव्हतं.

आप्पांची रीत आली होती अमळनेरहून. त्यांचं शिक्षण प्रताप हायस्कूलमध्ये झालेलं. तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासाला आलेले साने गुरुजी 1924 मध्ये त्याच शाळेत शिक्षक झाले. छात्रालय सांभाळताना ते रोज हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढत. आप्पांच्या वेळी गुरुजी शाळेत नव्हते, पण त्या हस्तलिखित दैनिकाच्या गोष्टी ते ऐकतच वाढले. शिक्षकाने रोज काहीतरी लिहून दहाजणांपुढे ठेवावं, हे त्यांनी तिथून उचललं. आमच्या शिक्षक-खोलीत एक दोनशेपानी वही असे. आज कुठे अडलं, कोणत्या मुलाने काय विचारलं, उद्या काय करून बघायचं, एवढंच त्यात लिहायचं. तासिकेवर आलेले हिंदीचे सर आणि मी, आम्हा दोघांना तर आप्पा शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर ती वही घेऊन बसवत. आळीपाळीने एकाने शिकवायचं, बाकीच्यांनी आठवीतलं पोर होऊन प्रश्न विचारायचे. कायम शिक्षकांपैकीही एक-दोघं हळूहळू येऊन बसू लागले.

रजा संपली, बाई परत आल्या. आप्पांनी ती वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझी पानं सावकाश वाचली आणि म्हणाल्या, "ताई, जाण्याआधी वर्ग माझ्या स्वाधीन नीट कर. कोण कुठे पोचलंय, ते तोंडी सांग." तात्पुरत्या माणसाला इतका मान कुणी देत नाही. बाईंचंही ऋण मी आप्पांच्या ऋणातच धरते.

दुसरं ऋण धुळे जिल्ह्यातलं. राज्याने 2000 साली शिक्षणसेवक योजना आणली आणि पुढच्या वर्षी मी साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात प्राथमिक शाळेवर गेले. दहाएक शाळांचं एक केंद्र आणि त्यावर केंद्रप्रमुख, ही रचना 1994 पासूनची. महिन्याचं गटसंमेलन व्हायचं. बऱ्याच ठिकाणी ते परिपत्रकं वाचण्यात आणि तक्ते भरण्यातच संपे. आमच्या केंद्रप्रमुखांनी मात्र अर्धा दिवस राखून ठेवला होता: खरी मुलं, खरा वर्ग, कुणीतरी एकाने शिकवायचं, बाकीच्यांनी बघायचं.

एकदा पाठ घ्यायला उभी राहिली वस्तीशाळेची स्वयंसेविका. पाड्यावरचीच मुलगी, जेमतेम दहावी झालेली, आमच्या मानाने तुटपुंज्या मानधनावरची. काही गुरुजींनी एकमेकांकडे बघितलं, ते मला आठवतं. तिने चारही इयत्ता एकत्र बसवल्या. मुलांशी आधी त्यांच्या घरच्या बोलीत बोलली, मग मराठीत. चौथीच्या दोन मुली चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून पहिलीच्या मुलांकडून मोजून घेत होत्या. एका कोपऱ्यात वेगळा गट होता, गुजरातेत ऊसतोडीला आईबापांबरोबर जाऊन परतलेल्या मुलांचा. दिवाळीनंतर गेलेली ही मुलं होळीच्या सुमारास येतात आणि वर्ग तोवर पुढे गेलेला असतो. तिने प्रत्येकाची चिठ्ठी ठेवली होती: जाताना याला काय येत होतं. त्या चिठ्ठीपासून ती पुढे निघायची. बहुवर्ग अध्यापनाची प्रशिक्षणं मी नंतर पुष्कळ केली. त्या सकाळच्या तोडीचं एकही नव्हतं.

मी तिच्या पाड्यावर जाऊन बसू लागले. तिला पुढे शिकायचं होतं, म्हणून संध्याकाळी मी तिला गणित सांगे. चिठ्ठ्या ठेवायला तिने मला शिकवलं आणि समीकरणं मी तिला. नोकरी करत ती डी.एड. झाली. 2014 मध्ये राज्यभरातले वस्तीशाळांचे शिक्षक सेवेत कायम झाले, त्यांत तीही होती. तोवर तिच्या हाताखालून किती मुलं शिकून गेली होती!

तात्पुरत्या शिक्षकाला नवं नाव दर काही वर्षांनी मिळतं. रजेवरचा, तासिकेवरचा, स्वयंसेवक, शिक्षणसेवक. 2023 मध्ये निवृत्त शिक्षकांना महिना 20,000 रुपयांवर बोलावण्याचा निर्णय झाला. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून 6,000 ते 10,000 रुपये विद्यावेतनावर तरुण मुलं-मुली शाळांत आली. शिक्षणसेवकाचं प्राथमिकचं मानधन 6,000 वरून 16,000 झालं, तेही 2023 सालीच. आकडे ठरतात, मुदती ठरतात. त्या माणसाला शिकवायला कोण शिकवणार, हे कुठेच ठरत नाही. त्याच्या नशिबात एखादे आप्पा असले तर असले. मला हे अन्यायाचं वाटतं, त्या तरुणावर आणि त्याहून अधिक त्याच्या वर्गावर. कारण मुलाचं सहावीचं वर्ष काही तात्पुरतं नसतं.

आप्पा आता नाहीत. त्यांना काही परत करता आलं नाही आणि त्यांनी ते घेतलंही नसतं. निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत माझ्या शाळेत जे जे हंगामी आले, त्यांच्या तासाला मी मागे जाऊन बसले, आणि चहाच्या वेळी फक्त मुलांबद्दल बोलले.

जळगाव आणि धुळ्यातल्या मुख्याध्यापकांना, केंद्रप्रमुखांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्याकडे या जूनमध्ये जो कुणी तात्पुरता येईल, त्याच्या वेळापत्रकात आठवड्याला दोन तास मोकळे ठेवा. आणि तेच दोन तास तुमच्या सगळ्यांत अनुभवी शिक्षकालाही मोकळे द्या.