न झोपणारी द्राक्षवेल

वायनरी म्हणजे हातात ग्लास, मागे सूर्यास्त आणि ढीगभर फोटो, एवढंच वाटत असेल तर बॉस, फेब्रुवारीत एकदा नाशिक गाठाच! कसारा घाट चढला की सह्याद्रीच्या माथ्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर, हा सगळा माहोल सुरू होतो. सुलाने २००५ साली इथे टेस्टिंग रूम उघडली आणि वाइन टूर हा मस्त वीकेण्ड प्लॅन झाला.

मी मात्र आधी मळ्यात शिरलो. तोडणी चालू होती. एका मावशींनी हातावर चार मणी ठेवले. छोटे, जाड सालीचे, बियांचे, पण भन्नाट गोड!

फ्रान्समध्ये वेल हिवाळाभर झोपते, तोडणी सप्टेंबरच्या आसपास. आपल्या हवेत ती झोपतच नाही. म्हणून छाटणी दोनदा: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. मेहनत डबल, आणि ऐन तोडणीत गारपीट झाली की वर्षाची कमाई मातीत.

हे कळल्यावर शेनिन ब्लांचा घोट घाईघाईत संपवावासा वाटत नाही. तेव्हा फंडा सोपा: आधी मळा, मग ग्लास. आणि न पिणारा ड्रायव्हर आधीच ठरवा, परतताना घाट उतरायचाय!