चढावर गप्प झालेला मित्र



मधुमेहाच्या किंवा बीपीच्या रुग्णाला मी चालायला सांगतो, तेव्हा बरेचदा उलट प्रश्न येतो, "डॉक्टर, सपाटीवर कंटाळा येतो. एखादा डोंगर चढला तर चालेल ना?"

चालेल. बहुतेकांना चालतं आणि झेपतंही. पण ऊन आणि तुमच्या गोळ्या यांचं एकमेकांशी नातं काय, हे आधी समजून घ्या. माझ्या एका मित्राचा अनुभव इथे उपयोगी पडेल. त्याच्या परवानगीने लिहितोय, नाव मात्र देत नाही.

हा माझा शाळासोबती पेणचा. गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. वय ५६, दहा वर्षांपासून मधुमेह, शिवाय बीपी. वर्षभर बसून रंगकाम. होळीच्या आधीच्या एका रविवारी आम्ही नागोठण्यावरून मेढ्याला गेलो, रोह्याजवळचा अवचितगड चढायला. गड जेमतेम हजार फुटांचा, पण वाट जंगलातली आणि चढ सलग. पहाटे निघायचं ठरलं होतं. मुंबईहून त्याचं गिऱ्हाईक आलं आणि पायथ्याशी पोहोचेपर्यंत साडेनऊ झाले. आकाश निरभ्र, वारा पडलेला. झाडांची बरीच पानं गळलेली, त्यामुळे सावली विरळ.

सुरुवातीला त्याची बडबड चालू होती. शाडूच्या मातीचा भाव, पीओपीवरचा वाद, हाताला न मिळणारे कारागीर. अर्ध्या तासाने उत्तरं "हं", "हो" एवढीच यायला लागली. मग तीही बंद झाली.

बोलणं हेच मोजमाप

व्यायामाचा जोर ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना गप्पा मारता येतात पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन-तीन शब्दांनंतर श्वासासाठी थांबावं लागतं, तो जोराचा. आणि बोलका माणूस अचानक गप्प झाला, तर तो नुसता दमलाय असं समजून पुढे चालू नका. थांबा, सावलीत बसवा आणि बघा. सोबत असणाऱ्याचं हे पहिलं काम, कारण ज्याला त्रास होतोय तो बहुधा स्वतःहून सांगत नाही. मी विचारलं तर तो म्हणाला, "काही नाही रे, चल."

मी त्याला झाडाखाली बसवलं. डोक्यात तीन शक्यता होत्या.

पहिली, हृदय. छातीत दडपण, जडपणा, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येते का? चढलं की येतं आणि थांबलं की जातं, असं काही? चढ ही हृदयाची तपासणीच असते. "गॅस झालाय" म्हणून लोक जे सोडून देतात, ते अनेकदा हे असतं. मधुमेहात छातीत न दुखताही हृदयाचा त्रास होऊ शकतो, फक्त धाप किंवा विलक्षण थकवा जाणवतो. असं पहिल्यांदाच झालं तर पुढे चढू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. थांबूनही दडपण गेलं नाही तर वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

दुसरी, साखर कमी होणं. हात थरथरणं, घाम, चिडचिड, गोंधळणं. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन नीट न खाता चढलं तर हे होतं. त्याने सकाळी गोळी घेतली होती आणि वर फक्त चहा-बिस्किट. माझ्या पिशवीत ग्लुकोमीटर होता. साखर ११८ आली.

तिसरी, उन्हाचा त्रास. डोकं दुखतंय, मळमळतंय, पोटऱ्यांत गोळे येतायत. शर्ट ओला, नाडी मिनिटाला १२०. पण कुठे आहोत, वार कोणता, सगळं बरोबर सांगत होता. पाण्याची बाटली मात्र जवळजवळ भरलेली.

"पाणी का नाही प्यायलास?"

"मागच्या महिन्यात बीपीला नवीन गोळी दिलीय. सारखं लघवीला जावं लागतं. म्हटलं रस्त्यात पंचाईत नको."

इथे सगळा उलगडा झाला. त्या गोळीचं कामच शरीरातलं जादा मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढणं. घरी, पंख्याखाली, ती उत्तम औषध आहे. पण इकडे घामावाटे पाणी-मीठ जातंय, तिकडे लघवीवाटे जातंय, आणि वरून काही येत नाहीये.

कोकणातलं ऊन वेगळं का?

चढताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा जेमतेम पाव भाग कामी येतो, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. पण घाम नुसता आल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने होतं. आपल्याकडे हवेत दमटपणा, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता टपकतो. पाणी जातं आणि गारवाही मिळत नाही. म्हणून तापमानाचा आकडा देशावरच्यापेक्षा कमी दिसला तरी निर्धास्त राहू नका.

आणि आकडाही नेहमी कमी असतो असं नाही. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला असलेल्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली होती. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच जिल्ह्यात, खारघरला, भर उन्हातल्या सोहळ्यानंतर दहाहून अधिक माणसं उष्माघाताने दगावली. ती माणसं डोंगर चढत नव्हती, मैदानात बसलेली होती.

मग काय केलं?

आडवं झोपवून पाय पिशवीवर उंच ठेवले. शर्टाची बटणं सोडली. ओला पंचा मान, काखा, छातीवर फिरवला आणि टोपीने वारा घातला. ओआरएस घोटाघोटाने दिलं. पंचवीस मिनिटांत नाडी ९२ वर आली, डोकं हलकं झालं, आणि पहिलं वाक्य निघालं ते तक्रारीचं. "बारा कोनांचा तलाव दाखवतो म्हणालास आणि अर्ध्यातून परत?"

हो, अर्ध्यातून परत. बरं वाटलं म्हणून पुन्हा चढणं हा धोका असतो, कारण एकदा असा त्रास झाला की त्या दिवशी शरीर पुन्हा लवकर तापतं. तो गाडीत बसेपर्यंत फुगून होता. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि ईसीजी पाहून औषधाची मात्रा बदलली.

तुमच्यासाठी

• बीपी, हृदय किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर डोंगरावर जाण्याआधी डॉक्टरांना यादी दाखवा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या लघवीतून साखर काढणाऱ्या नव्या गोळ्या, नाडी मंद करणाऱ्या गोळ्या, ॲलर्जीच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्या उन्हात त्रास वाढवू शकतात. स्वतःच्या मनाने गोळी बंद मात्र करू नका.

• सकाळी लवकर चढा, दहाच्या आत उतरायला लागा. उशीर झाला तर बेत बदला.

• उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. एसीत बसणाऱ्याने पहिल्याच रविवारी गड गाठू नये.

• तहान लागायची वाट न बघता थोडंथोडं प्या. ओआरएस किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत चांगलं. मधुमेह असेल तर सरबतातल्या साखरेकडे लक्ष ठेवा. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

• मधुमेह असेल तर खाऊन निघा आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा.

• माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडंच असेल असं नाही, घाम असतानाही उष्माघात होतो. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

• एकट्याने जाऊ नका. सोबत्याला आपले आजार आणि गोळ्या आधीच सांगून ठेवा, कालपरवा बदललेल्यासुद्धा.

चालत राहा, डोंगरही चढा. फक्त सोबतच्या माणसाचं बोलणं ऐकत चढा, आणि ते थांबलं तर तुम्हीही थांबा.